दुपारचा राग रात्रीच्या सिस्टरला सांगा

दुपारी दीडला बेड १४चा अटेंडर (पेशंटबरोबर राहणारा नातेवाईक) पर्ची टेबलावर आपटून जातो. पाचला वॉर्डबॉयला दम देतो. साडेसातला गेटवर गार्डशी हुज्जत घालतो. आठला पाळी बदलते. सलाईन किती उरलं, कुणाचं युरिन किती झालं, उद्या ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कोण, सगळं सांगितलं जातं, एवढं सोडून. रात्री सव्वादोनला तोच माणूस सिस्टरच्या अंगावर धावून येतो आणि सकाळी सगळे म्हणतात, "अचानकच झालं हो."

असं अचानक क्वचितच होतं. तासन्‌तास ते वॉर्डात फिरत असतं, तीन-चार जणांनी पाहिलेलंही असतं. फक्त एकाकडून दुसऱ्याकडे पोचलेलं नसतं. पुढची माहिती इंदूरमधल्या वॉर्डात, कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आणि पंधरा-वीस बेडच्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी आहे, आणि त्यांच्या इन्चार्जसाठी तर आहेच. "गोड बोललं की कुणी हात उचलत नाही" हा सल्ला मात्र इथे मिळणार नाही. तो खरा नाही, आणि मार खाल्लेल्या सिस्टरलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो.

पाळी देता-घेताना

हँडओव्हरच्या वहीत प्रत्येक बेडसमोर एक रकाना वाढवा. त्याला "वागणूक" म्हणा. "भांडखोर", "त्रासदायक" असलं काही नको, कारण ही वही उद्या पोलिसांच्या टेबलावर जाऊ शकते आणि नातेवाइकाच्या हातीही लागू शकते. रकान्यात मत लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं. "अटेंडर उद्धट आहे" या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. उपयोगाची नोंद अशी दिसते:

"१:३० मोठा मुलगा, टेबलावर हात आपटला, 'देख लूँगा' म्हणाला. कारण सीटी स्कॅनला उशीर. ४:०० डॉक्टर बोलले, शांत. ७:३० गार्डशी वाद, तोंडाला दारूचा वास. सीटी अजून बाकी."

शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. रागाचं कारण अजून जिवंत आहे, हे रात्रीच्या सिस्टरला त्यातून कळतं. ती मग वॉर्डात पाय ठेवल्या ठेवल्या सीटीवाल्याला फोन करते, गार्डला दहा वाजता एक फेरी मारायला सांगते आणि त्या बेडचं रात्रीचं इंजेक्शन एकटीने द्यायला जात नाही. तीनही कामांना मिळून पाच मिनिटं लागत नाहीत.

पेशंटच्या बाबतीत अंदाजापेक्षा पक्कं साधन हवं असेल तर नॉर्वेत मनोरुग्णांच्या वॉर्डांसाठी तयार झालेली ब्रोसेट यादी वापरा. सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेला आहे का, चिडचिडा आहे का, आरडाओरडा-दंगा करतोय का, तोंडी धमकी देतोय का, अंगावर येण्याचा आव आणतोय का, वस्तूंवर हात टाकतोय का. प्रत्येक "हो"ला एक गुण. शून्य असेल तर धोका कमी. १ किंवा २ असतील तर सावध राहून पुन्हा बघायचं. ३ किंवा जास्त असतील तर पुढच्या २४ तासांत हल्ल्याची शक्यता बरीच, म्हणजे डॉक्टर, इन्चार्ज आणि गार्ड तिघांनाही लगेच कळवायचं. नेहमी शांत असणारा पेशंट आज चिडचिडा असेल तर गुण द्या. जो मुळातच मोठ्याने बोलतो त्याला त्याबद्दल देऊ नका. ही यादी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला भरायची असते. भरतीच्या दिवशी एकदा भरून फाइलला लावून ठेवली तर तो नुसता कागद.

नातेवाइकांसाठी वेगळी नजर लागते. ऑस्ट्रेलियातल्या कॅज्युअल्टीत केलेल्या २००७च्या एका अभ्यासात सिस्टरांना आधी दिसलेल्या पाच खुणा नोंदल्या आहेत: रोखून बघणं, आवाज आणि त्याची पट्टी, घालमेल, पुटपुटणं, येरझाऱ्या. यातल्या येरझाऱ्यांकडे आपल्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण कॉरिडॉरमध्ये सगळेच फिरत असतात. बघायचं हे, की फेरी लहान होत चालली आहे का आणि प्रत्येक वेळी ती नर्सिंग स्टेशनपाशीच वळते का. आणखी एक: तासभर तोंड चालू असलेला माणूस एकदम गप्प झाला तर हुश्श करू नका.

इंदूरचे दोन दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करून ठेवायचे: रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक. राजवाड्याकडची गर्दी, पडझड, प्यायलेले पेशंट आणि त्यांच्याबरोबर आठ-दहा दोस्त, सगळं एकाच वेळी कॅज्युअल्टीत येतं. त्या दिवशीच्या ड्यूटी चार्टमध्ये नव्या मुलींना एकत्र टाकून सीनियरांनी सुटी घ्यायची ही पद्धत बंद करा.

टेबल, ट्रॉली आणि अंगावरच्या वस्तू

ड्यूटीवर आल्यावर स्वतःकडे आधी बघा. स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणाऱ्या क्लिपची घ्या. साध्या दोरीने गळा आवळला जातो. केसांचा अंबाडा घट्ट, शेपटा मोकळा नको. कात्री आणि आर्टरी फोर्सेप वरच्या खिशातून टोक बाहेर काढून ठेवायची सवय सोडा. हिसकावायला सगळ्यात सोपी वस्तू तीच.

मग स्टेशनकडे. पेपरवेट, काचेच्या बाटल्या, किडनी ट्रे, ऑक्सिजन सिलिंडरची लोखंडी चावी आणि रिकामे आयव्ही स्टँड हे बाहेरच्या माणसाच्या हाताच्या अंतरात नकोत. टेबल असं ठेवा की बसलेल्या सिस्टरच्या पाठीशी भिंत असेल आणि तिच्यात व दारात कुणी उभं राहू शकणार नाही. पुष्कळ जुन्या वॉर्डात नेमकं उलटं असतं: सिस्टर कोपऱ्यात, समोर टेबल, आणि बाहेर पडायची एकच वाट नातेवाइकांच्या घोळक्यातून. टेबल सरकवायला बजेट लागत नाही.

ड्यूटी रूमची कडी आतून नीट लागते का, शौचालयाच्या वाटेवरचा दिवा चालू आहे का, पॅनिक बटन दाबल्यावर खरंच कुणी येतं का, हे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी तपासा. बटन दाबा आणि घड्याळ बघा. तीन मिनिटांत गार्ड वॉर्डात पोचला नाही तर ते बटन भिंतीवरची शोभा समजा, आणि किती वेळ लागला ते तारखेसकट लिहून मेट्रनला द्या. मदतीला बोलावण्याचा कोड प्रत्येक इस्पितळात वेगळा, कुठे व्हायोलेट, कुठे ग्रे, कुठे पर्पल. नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी जेवणाची जागा दाखवण्याआधी तो पाठ करून घ्या. लहान नर्सिंग होममध्ये कोड नसतो. तिथे एक निरुपद्रवी वाक्य ठरवून ठेवा, जसं "मोठी लाल फाइल घेऊन या". ऐकणाऱ्याने फाइल आणायची नाही, दुसऱ्या माणसाला घेऊन यायचं आणि तिसऱ्याला ११२ लावायला सांगायचं.

पेशंटच मारतोय? आधी साखर बघा

नातेवाईक मारतो त्याची बातमी होते. पेशंट चावतो, ओरबाडतो, लाथ मारतो ते "चालायचंच" म्हणून सोडून देतात. पण यातल्या पुष्कळ पेशंटांचा राग हा राग नसतोच, लक्षण असतं. म्हणून बिथरलेल्या पेशंटजवळ दोघींनी जायचं आणि समजावण्याच्या आधी चार गोष्टी मोजायच्या: रक्तातली साखर, ऑक्सिजन, ताप, आणि लघवी तुंबली आहे का. साखर ७०च्या खाली असेल तर तो माणूस तुम्हाला ओळखतही नसेल, त्याला समजुतीची नाही, ग्लुकोजची गरज आहे. ऑक्सिजन मास्क वारंवार ओढून फेकणारा पेशंट हट्टी नसून गुदमरलेला असू शकतो. कॅथेटर (लघवीची नळी) वाकून लघवी अडली असेल तर सत्तरीचे आजोबाही बेड हलवून सोडतात. डोक्याला मार, नुकतीच आलेली फीट, सोडियम कमी होणं, हे डॉक्टरांना फोनवर सांगताना नाव घेऊन सांगा. "पेशंट व्हायोलंट आहे" एवढंच म्हटलं तर पलीकडून झोपेच्या इंजेक्शनची ऑर्डर येते आणि कारण तसंच राहतं.

दारूचं वेगळं. दारू अचानक बंद झाली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी वाढते. आणि खरा गोंधळ, भास, मारामारी साधारण ४८ ते ९६ तासांत येते. म्हणजे सोमवारी पाय मोडून भरती झालेला, दोन दिवस "बहुत अच्छे हैं भैया" असलेला माणूस बुधवारी रात्री सलाईन उपटतो. भरतीच्या वेळी "पीते हो?" असं विचारलं तर बायकोसमोर कुणी हो म्हणत नाही. "आखिरी बार कब ली थी, कितने बजे?" असं सरळ विचारा. झाबुआ, अलीराजपूर, धारकडच्या पेशंटला दारूबरोबर ताडी आणि महुआ ही नावं घेऊन वेगळं विचारा. काही जण ताडीला दारूत धरत नाहीत. मिळालेली वेळ केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या चार दिवसांच्या हँडओव्हरमध्ये ती वाचून दाखवा. वेळीच कळवलं तर डॉक्टर औषध आधी सुरू करतात आणि बुधवारची रात्र शांत जाते.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमलेल्या वृद्धांसाठी वॉर्डात पूर्ण काळोख करू नका. चष्मा डोळ्यांवर, कानाचं मशीन कानात, ओळखीचं एकच माणूस उशाशी. समोरून येऊन एकदम हात धरू नका. बाजूने, दिसेल असं या, नाव घ्या, काय करणार ते सांगा, मग हात लावा. "आजोबा, घरी नाही, दवाखान्यात आहात" हे एकदा सांगा. चौथ्यांदा सांगायला लागलात की तो वाद होतो.

बांधावं लागलंच तर डॉक्टरांची लेखी ऑर्डर, कारण आणि वेळ घेऊन, आणि कमीत कमी वेळ. पट्टी मऊ असावी, तिच्याखाली दोन बोटं जायला हवीत. गाठ एका ओढीत सुटणारी, आणि ती बेडच्या फ्रेमला. वरखाली होणाऱ्या रेलिंगला बांधली तर रेलिंग खाली करताना खांदा निखळतो. पालथं झोपवून कधीच नाही. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग, श्वास आणि शुद्ध बघून लिहायचं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ साखळीने बांधायला साफ मनाई करतो, आणि माणसं कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधणंही त्याला मान्य नाही.

नातेवाइकांशी बोलताना

उशीर होतो म्हणून लोक चिडतातच, पण किती उशीर होणार हे कुणी सांगत नाही म्हणून जास्त चिडतात. "डॉक्टर आएँगे तब आएँगे" हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा. त्याऐवजी: "डॉक्टर साहब ओटी में हैं, चालीस मिनट लग सकते हैं. तीन बजे मैं खुद आकर बताऊँगी." आणि तीनला खरोखर जा, सांगायला काहीही नसलं तरी जा. "अजून ओटीतच आहेत, साडेतीनला पुन्हा येते" हीसुद्धा बातमीच आहे. वेळ सांगून न जाणं हे वेळ न सांगण्यापेक्षा वाईट, म्हणून पाळता येईल तीच वेळ द्या.

आवाज चढलेल्या माणसाशी बोलताना अंतर दोन हातांचं. अगदी समोर नाही, थोडं तिरकं उभं राहा, तळवे उघडे आणि कमरेच्या वर, बोट रोखलेलं नाही, पाठ दाराकडे जाणाऱ्या वाटेला. बोलणारी एकच सिस्टर. चौघींनी एकदम समजवायला सुरुवात केली की त्याला घेरल्यासारखं वाटतं. पहिला अर्धा मिनिट त्याला बोलू द्या, मध्ये तोडू नका. मग त्याचंच म्हणणं त्याला परत सांगा: "मतलब सुबह से तीन बार खून माँगा और किसी ने यह नहीं बताया कि कहाँ से लाना है. सही समझी मैं?" यात माफी नाही, कबुली नाही, पण ऐकल्याची पावती आहे. त्यानंतर एकच ठोस गोष्ट, जी पुढच्या दहा मिनिटांत तुमच्या हातात आहे.

"शांत हो जाओ" म्हणू नका. ते ऐकून आजवर कुणी शांत झालेलं नाही. "रूल है" हेही नको. नियमाचं कारण सांगा. आयसीयूत दोघांनाच का सोडतो, तर आत संसर्ग जातो आणि पेशंट तुमचाच आहे. इंदूरमध्ये "भिया" (भाऊ) हा शब्द दोन्हीकडून चालतो आणि बराच ताण उतरवतो, पण तो आधीच्या ओळखीवर चालतो. चिडलेल्या अनोळखी माणसाला "भिया" म्हटलं तर थट्टा वाटते. तिथे "भैयाजी", "काकासाहेब", "माताजी" बरे. खरगोन-बडवानीकडून आलेल्या भिली किंवा निमाडी बोलणाऱ्या कुटुंबाशी बोलताना त्यांच्यातला हिंदी नीट समजणारा एक माणूस भरतीच्या वेळीच ठरवून घ्या आणि सगळं त्यालाच सांगा. प्रत्येक पाळीत वेगळ्या माणसाला अर्धं-अर्धं सांगितलं की रात्री "सुबह वाली सिस्टर तो कुछ और बोल रही थी" इथून भांडण उभं राहतं.

बघे हटवता आले तर हटवा, नाही तर त्या माणसाला बाजूला घ्या: "इधर आइए, बैठकर बात करते हैं." चार लोकांसमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही. मात्र बंद खोलीत एकटीने नेऊ नका. दार उघडं, दुसरी व्यक्ती दिसेल अशी.

मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला तर फोनला हात लावायचा नाही. शिवीगाळीची मारामारी होण्याचा क्षण पुष्कळदा हाच असतो. "मेरा वीडियो बनाइए, पर बाजू के मरीज़ का चेहरा मत आने दीजिए" एवढं म्हणा आणि काम चालू ठेवा. तो व्हिडिओ उद्या तुमच्याही कामाला येतो.

हद्द कुठे संपते हे एकदाच, स्पष्ट सांगायचं: "आप गाली देंगे तो मैं यहाँ से जाऊँगी और गार्ड आएगा. आप बैठेंगे तो मैं अभी डॉक्टर को फोन लगाती हूँ." आणि शिवी आली की खरंच निघा. पेशंटला सोडून जाणं म्हणजे कर्तव्यात कसूर ही भीती पुष्कळ जणींना जागेवर खिळवून ठेवते. जीव धोक्यात असताना दहा पावलं मागे जाऊन मदत बोलावणं कसूर ठरत नाही.

मृत्यू सांगण्याची वेळ

सगळ्यात धोक्याची पंधरा मिनिटं हीच, आणि तयारी करता येण्यासारखीही हीच. सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न) चालू असतानाच एका सिस्टरने तीन कामं करायची. गार्डला वॉर्डाच्या दारात बोलवायचं, बेडजवळ नाही. खाकी कपड्यांतला माणूस बेडशी दिसला की लोकांना वाटतं काहीतरी लपवलं जातंय. नातेवाइकांतल्या जबाबदार दोघा-तिघांना ओळखून बाजूच्या खोलीत बसवायचं आणि "हालत बहुत खराब है, कोशिश चल रही है" हे त्या क्षणी सांगायचं, संपल्यावर नाही. ज्याला अर्धा तास आधी हे कळलं आहे त्याच्यावर बातमी दगडासारखी पडत नाही. आणि शेजारच्या बेडांचे अटेंडर बाहेर काढायचे, कारण पहिली वीट पुष्कळदा तिसराच उचलतो.

बातमी डॉक्टरांनीच सांगायची, सिस्टरने नाही, वॉर्डबॉयने तर नाहीच. ज्युनियर डॉक्टर सिस्टरला "तुम बता दो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा; हा अधिकार तुमचा नाही आणि त्याचा फटका तुम्हालाच बसतो. सिस्टरने खोलीत दाराच्या बाजूला थांबायचं. शब्द साधे हवेत: "उनकी मृत्यु हो गई है." "नहीं रहे", "एक्सपायर" हे दुःखात ऐकूच येत नाही आणि मग "मतलब? मतलब क्या?" असा आवाज चढतो.

तोवर बेडवर काय चाललंय ते बघा. नळ्या काढायच्या की एमएलसीसाठी (पोलिसांकडे जाणाऱ्या केसच्या नोंदीसाठी) तशाच ठेवायच्या हे डॉक्टरांना विचारून ठेवलेलं, तोंड पुसलेलं, डोळे मिटलेले, चादर छातीपर्यंत, चेहरा झाकलेला नाही, रक्ताचे बोळे उचललेले, इमर्जन्सी ट्रॉली मागे सारलेली. बायका आल्या की त्या अंगावर पडून रडणार. रडू द्या, हात धरून ओढू नका. बिलाचा माणूस या वेळी वॉर्डात दिसता कामा नये. पैशांसाठी मृतदेह अडवून ठेवणं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेच्या विरुद्ध आहे, आणि नर्सिंग होममधल्या तोडफोडीचा रस्ता बरेचदा बिलाच्या खिडकीवरूनच जातो. मालकांनी तो हिशेब सिस्टरच्या तोंडून वसूल करू नये.

हात उचललाच तर

लढायचं नाही, सुटायचं. मनगट पकडलं तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने हात फिरवून झटक्यात काढा. पकड तिथेच सगळ्यात कच्ची असते. केस धरले तर मागे ओढू नका: त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरा आणि त्याच्या दिशेने वाकत जा, म्हणजे केसांवरचा ताण कमी होतो आणि मदत येईपर्यंत मान वाचते. चावला तर हात हिसकू नका, मांस फाटतं. उलट त्याच्या तोंडाकडे दाबा, जबडा उघडतो. गळ्याला हात आला तर हनुवटी छातीला टेकवा. वाचून यातलं काही येत नाही. दोघी-दोघींच्या जोडीने, महिन्यातून एकदा वीस मिनिटं, रिकाम्या ड्यूटी रूममध्ये करून बघायला हवं.

ओरडताना "बचाओ" पेक्षा जागा ओरडा: "बेड चौदा, गार्ड!" चाकू, ब्लेड, फुटलेली बाटली हातात दिसली तर सगळं सोडून बाहेर, दार ओढून घ्या आणि ११२. बाकी पेशंट? चालू शकणाऱ्यांना बरोबर घ्या, बाकीच्यांसाठी मदत आणणं हाच तुमचा उपयोग.

पहिले सहा तास

आधी उपचार. सिस्टर असल्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये स्वतःच बॅण्डेज लावून पुन्हा कामाला लागायचं, ही चूक नेहमी होते. कॅज्युअल्टीत जाऊन एमएलसी करून घ्या. सूज, ओरखडा, लालसरपणा, सगळं लिहून. चावा घेतला असेल आणि कातडी फाटली असेल किंवा सुई टोचली असेल तर साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते बघा, आणि एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो २ तासांत, ७२ तासांच्या आत. कोर्स २८ दिवसांचा.

फाटलेला किंवा रक्त लागलेला युनिफॉर्म धुवू नका. वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये कुजतो. जखमेचा फोटो दोन अंतरांवरून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून, आणि निळी खूण गडद होते म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा. झोपण्याआधी घटना स्वतःच्या हाताने लिहा: वेळ, जागा, कोण, नेमके शब्द. शिव्या जशाच्या तशा. "अपशब्द वापरले" असं सभ्यपणे लिहिलं की कलम कुठलं लावायचं तेच कळत नाही.

सीसीटीव्ही त्याच दिवशी लेखी मागा. डिस्क भरली की मशीन जुनं पुसून नवं लिहितं, आणि "रेकॉर्डिंग नहीं मिली" हे उत्तर पंधरवड्याने मिळालं तर त्यावर इलाज नाही. काढताना मशीनचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ यांतला फरक लिहून ठेवा. सात मिनिटं पुढे धावणाऱ्या मशीनमुळे वहीतली वेळ आणि चित्रातली वेळ जुळत नाही आणि समोरचा वकील तेच पकडतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र बरोबर लागतं. ते आयटीवाल्याकडून घ्यायला इन्चार्जने सांगावं.

फिर्याद संस्थेची असावी. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ला केंद्राच्या इस्पितळांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं की ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास संस्थेने जास्तीत जास्त ६ तासांत एफआयआर नोंदवावा, जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तुमचं इस्पितळ केंद्राचं नसलं तरी हा मापदंड अर्जात लिहायला हरकत नाही. संस्था फिर्यादी असली की सिस्टरच्या घराचा पत्ता कागदावर येत नाही. तुमचा जबाब असेल तिथेही पत्ता इस्पितळाचा द्या.

एमवाय (महाराजा यशवंतराव) इस्पितळाच्या परिसरातल्यांना संयोगितागंज ठाणं पडतं. पण हद्दीच्या वादात अडकू नका: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, ती पुढे पाठवणं त्यांचं काम. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्याने टाळाटाळ केली तर इंदूरमध्ये पोलीस आयुक्तालय आहे, त्या झोनच्या उपायुक्तांकडे लेखी अर्ज पाठवा, पोच घेऊन.

अर्जात मध्यप्रदेशच्या २००८च्या कायद्याचं नाव स्वतः लिहा: मध्यप्रदेश चिकित्सक तथा चिकित्सा सेवा से संबद्ध व्यक्तियों की सुरक्षा अधिनियम. लांबलचक नावामुळे तो ठाण्यात आठवतच नाही आणि साध्या मारहाणीवर भागवलं जातं. सरकारी सिस्टर लोकसेवक आहे, म्हणून तिच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (लोकसेवकाला कामापासून रोखायला केलेला हल्ला), आणि इजा झाली असेल तर १२१, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. खासगीतल्या सिस्टरला ही दोन मिळत नाहीत. तिला इजा केल्याचं ११५, धमकीचं ३५१ आणि वर सांगितलेला २००८चा कायदा. अंगाला हात लावणं, ओढणी ओढणं यासाठी ७४, घाणेरडं बोलणं-हावभाव यासाठी ७९, दोन्हीकडे. त्यातलं काही घडलं असेल तर इस्पितळाच्या अंतर्गत समितीकडेही तीन महिन्यांत तक्रार द्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा बाहेरून येणाऱ्या माणसांपासून संरक्षण देणं मालकाचं कर्तव्य मानतो, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या जागी समिती असायलाच हवी. "वो तो मरीज़ का भाई था, स्टाफ नहीं" हे उत्तर चालत नाही.

रात्रीच कुणीतरी येईल: स्थानिक पुढारी, मॅनेजर, कधी पेशंटची रडणारी आई. "राजीनामा कर लो, बात खत्म." राजीनामा म्हणजे समझोता, हा आपल्याकडचा कचेरीतला अर्थ. त्या रात्री कशावरही सही करू नका, कोऱ्या कागदावर तर नाहीच. माफी ऐकून घ्यायला हरकत नाही. सहीसाठी दुसऱ्या दिवशी, घरच्या माणसाबरोबर, वकिलाला दाखवून.

त्यानंतर

त्या पाळीचं उरलेलं काम दुसऱ्या कुणाला द्या आणि सिस्टरला घरी एकटीला सोडू नका, कुणीतरी सोबत जा. पुढच्या तीन-चार पाळ्या तिला त्याच बेडला लावायचं नाही, आणि शिक्षा वाटेल अशी बदलीही करायची नाही. झोप न लागणं, दार वाजलं की दचकणं महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं; त्याची चिठ्ठी रजेच्या अर्जालाही लागते.

इन्चार्जने तिसऱ्या दिवशी अर्धा तास बसून एकच शोध घ्यावा: पहिली खूण कुणाला, किती वाजता दिसली होती, आणि ती वहीत का आली नाही. "सिस्टरने काय चुकीचं केलं" हा विषय त्या बैठकीत नको, नाहीतर पुढच्या वेळी वही कोरीच राहील. शिव्या, धमक्या, ढकलाढकली, ज्यांचं पुढे काही झालं नाही तेही त्याच वहीत येऊ द्या. महिन्याच्या शेवटी पानं उलटली की नेमका कुठला तास आणि कुठली खिडकी पेटते ते दिसतं. रक्तपेढीच्या रांगेमुळे चार वेळा आवाज चढला असेल तर गार्ड वाढवण्याआधी त्या खिडकीवर एक माणूस बसवा.

एफआयआरची प्रत, एमएलसीचा नंबर, फोटो, जबाबाची झेरॉक्स, वहीच्या त्या पानाचा फोटो आणि पेन ड्राइव्ह हे एका पाकिटात घालून घरी ठेवा, इस्पितळाच्या कपाटात नाही. साक्षीचं समन्स येईपर्यंत इन्चार्ज बदललेली असते, वॉर्ड हललेला असतो, आणि ती वही रद्दीत गेलेली असते.